पाठमोरा

कुकटपल्लीच्या त्या बागेत रविवारी सकाळी सगळे वर बघत असायचे, एकटे मुकुंदराव कंधारकर सोडून. ते विमानांकडे पाठ करून उभे राहायचे. रिमोटवर चालणारी छोटी विमानं उडवणाऱ्या मंडळाला बागेने मैदानाचा एक तुकडा दिला होता, पण अटी घालून. भोवती दोरी हवी, मंडळाचा विमा हवा, आणि विमान हवेत असेपर्यंत एका माणसाने फक्त फिरायला आलेल्यांवर नजर ठेवायची. या माणसाला मंडळात पाठमोरा म्हणत. हे काम कोणालाच नको असे. हौसेने मंडळात यायचं आणि विमानच बघायचं नाही, म्हणजे लग्नाला जाऊन चपला राखत बसायचं!

मुकुंदरावांनी मात्र ते आपणहून घेतलं होतं. कोणी दोरीच्या आत आलं की ते ओरडत, "माणूस!" मग उडवणाऱ्याने विमान असेल तिथे खाली घालायचं, मोडलं तर मोडलं. त्यांच्या ओरडण्यापायी बऱ्याच जणांची विमानं मोडली होती, पण माणसाला कधी ओरखडाही आला नव्हता. याचा त्यांना अभिमान होता, आणि खोटं कशाला सांगा, थोडा ताठाही होता. घरी त्यांच्या पत्नी उषाताई चिडवायच्या, "ऑफिसात जन्मभर फायलींकडे पाठ केलीत, आता विमानांकडे."

त्या रविवारी हर्षदचं नवं विमान पहिल्यांदा उडणार होतं. हर्षद पुण्याहून नोकरीसाठी आलेला, आयटीतला. हे लांब पिवळ्या पंखांचं विमान त्याने कैक महिने खपून घरीच बांधलं होतं. ते वर गेलं आणि सगळ्यांच्या तोंडून एकदमच "वाहवा" निघालं. मुकुंदराव हलले नाहीत. पण थोड्या वेळाने विमानाची सावली त्यांच्या पायांवरून गवतावर सरकत गेली, आणि इतकी वर्षं आवरलेली मान वळली. काय सुंदर दिसत होतं ते! उतरण्यासाठी गिरकी घेऊन खाली येत होतं, आणि उन्हात त्याचे पंख आरपार उजळले होते.

ते परत वळले तेव्हा एक बाई फोनवर बोलत दोरी ओलांडून पार आत आली होती. "माणूस!" ते जिवाच्या आकांताने ओरडले. हर्षदने विमान तत्काळ खाली दाबलं, पण तोवर ते तिच्या अंगावर आलं होतं. तिने तोंडावर हात आडवा धरला. पंखाची कड मनगटावर बसली, आणि ती खाली कोसळली.

बाईचं नाव भाग्यलक्ष्मी. तिचं घरातच छोटं ब्यूटी पार्लर होतं. बोटांत आणि दातांत दोरा धरून भुवया कोरायच्या, यावर तिचं घर चालत होतं. उजवं मनगट मोडलं होतं. ऑपरेशन करावं लागेल आणि नंतर पुष्कळ दिवस व्यायाम, असं डॉक्टर म्हणाले. बोटं पूर्वीसारखी चालतील का, यावर त्यांनी सरळ उत्तर दिलं नाही.

मंडळाचे अध्यक्ष एकनाथराव जामबागचे जुने वकील. त्यांनी मुकुंदरावांना दवाखान्याच्या जिन्यापाशी गाठलं. "उद्या विमा कंपनीचा माणूस येतोय. ती दोरी ओलांडून आली, इतकंच बोला. ते खरंच आहे की."

"पण मी वळलो होतो हो."

"कोणी पाहिलं? सगळे वर बघत होते."

मुकुंदराव जिना उतरून घरी गेले. त्यांच्या घराण्यात तीन पिढ्या सरकारी नोकरीत गेल्या होत्या, आणि वरून विचारणा आली की काही कबूल करायचं नाही, हे वडिलांना वेगळं शिकवावं लागलं नव्हतं. रात्रभर त्यांना झोप लागली नाही.

कंपनीचा गौतम आला तेव्हा सगळे भाग्यलक्ष्मीच्या खाटेभोवती उभे होते. त्याने विचारायच्या आधीच ती बोलली, "अंकल को कुछ नक्को बोलो जी. हर इतवार कित्ता संभालते सबको. मैंच अंदर आई, फोन पे थी."

एकनाथरावांनी सुटकेचा श्वास सोडला. गौतमने मात्र लिहायचं थांबवलं.

"अम्मा, सोच के बोलो," तो म्हणाला. "इनकी गलती हो तो कंपनी आपको देती. आपकीच गलती है तो कायको देंगी?"

तिचा चेहरा पडला. प्लास्टरमधून बाहेर आलेल्या सुजक्या बोटांकडे ती बघत राहिली, पण बोललेलं तिने मागे घेतलं नाही. मुकुंदरावांनी मनातल्या मनात हिशेब केला. तोंड उघडलं की सगळ्या मंडळासमोर नाक कापलं जाणार. बागेने उद्या जागाच काढून घेतली, तर हर्षदसारख्यांचे शिव्याशाप आपल्याच नावाने. आणि गप्प राहिलं की काहीच होणार नाही, फक्त ही बाई रिकाम्या हाताने घरी जाईल. त्यांना स्वतःची भयंकर लाज वाटली.

"मैं जहाज देख रा था," ते म्हणाले.

"आँ?"

"मेरा काम लोगों को देखने का था. मैं पलट के जहाज देख रा था. सामने देखता तो ये दोरी पे थी तभीच चिल्लाता."

एकनाथराव मोठ्याने खाकरले. गौतमने एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा मुकुंदरावांकडे. "ऐसाच लिखूँ?"

"ऐसाच लिखो."

कंपनीने ऑपरेशनचा आणि बुडालेल्या धंद्याचा भार उचलला. बागेने मंडळाला कडक तंबी दिली, पण जागा राहू दिली. मुकुंदरावांचं काम मात्र गेलं. "आता खुर्ची टाकून निवांत विमानं बघा," एकनाथराव म्हणाले. ते प्रेमाने म्हटलेलं नव्हतं, आणि मुकुंदरावांनाही ते कळलं. पाठमोरा म्हणून आता हर्षद उभा राहू लागला.

पिवळं विमान दुरुस्त होऊन मंडळातल्या दुसऱ्या एकाच्या हातून पुन्हा उडालं, त्या सकाळी भाग्यलक्ष्मी फिरायला आली होती. हाताला अजून पट्टा होता. बोटं उघडत मिटत ती दोरीशी थांबली आणि मान वर करून बघू लागली.

"अंकल, ऊपर देखो ना! क्या मस्त जा रा!"

"हौ, हौ," खुर्चीतून मुकुंदराव म्हणाले. ते तिच्या पावलांकडे बघत होते.