हमीदाच्या डबीतला तांदूळ

हमीदा गेल्याचं मला नातीने सांगितलं. मी गवार मोडत बसले होते. "आजी, हमीदा आंटी पास्ड अवे," मोबाइलमधून मान वर करून ती म्हणाली, आणि माझ्या तोंडून पहिलं काय निघावं? "अगं, पण माझं सांगायचं राहिलंय!" पोरीला वाटलं, आजीचं डोकं फिरलं. आता दीड महिना झाला. हमीदाचं दफन इथे दुबईशेजारच्या अजमानातच झालं, आणि ते सांगणं अजून राहिलेलंच आहे...

हमीदा हर्णैची. आमच्याच बिल्डिंगखाली तिच्या नवऱ्याचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं. त्याला जेवणाचा डबा पोचवता पोचवता ती काम शिकली आणि तो वारल्यावर त्याच्याच स्टुलावर बसली. गिऱ्हाईक आत डोकावून विचारायचं, "भाईसाब किधर है?" ही ओठांत धरलेला स्क्रू काढून म्हणायची, "मैं ही हूँ, बोलो."

ती मला खरी कळली दहा-अकरा वर्षांपूर्वीच्या दसऱ्याला. मी तेव्हा बासष्टची, म्हणजे अक्कल यायला अवकाश होता. माझा मुलगा नीलेश नव्या कंपनीत लागून चारच महिने झालेले, नोकरी कच्ची. त्या दुपारी दुबई मरीनातल्या ऑफिसात मोठ्या साहेबांना त्याने लॅपटॉपवर काढलेले नकाशे दाखवायचे होते. पसंत पडले तर नोकरी पक्की. नाहीतर व्हिसा खलास आणि नातीच्या शाळेसकट सगळं बिऱ्हाड परत. सकाळी तो उम्म अल कुवैनच्या साइटवर निघाला. "आई, तिथे धूळ फार, लॅपटॉप घरी ठेवतोय. एक वाजता येऊन नेतो. हात लावू नकोस हं."

हात लावू नकोस! दसऱ्याला! माझे वडील सुतार. करवत, रंधा, पटाशी पाटावर मांडून पूजा केल्याशिवाय ते या दिवशी पाणी प्यायचे नाहीत. मुलाचं हत्यार कोणतं, तर लॅपटॉप. मांडला पाटावर. दार लावलेल्या देव्हाऱ्याची कोणी पूजा करतं का? म्हणून बाईसाहेबांनी तो उघडला. पडदा उजळला, मला वाटलं, देव प्रसन्न झाला. झेंडू वाहिला, कुंकवाच्या ओल्या अक्षता वाहिल्या, आणि एवढ्यावर थांबेल ती मी कसली... पळीभर पाणी सोडलं. पडदा काळा झाला. बटण दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं. काही नाही.

पदराने पुसून, पिशवीत घालून मी खाली पळाले. साडेअकरा झाले होते.

"काय झाला?" हमीदाने विचारलं.

"वीज गेली आणि हा बंद पडला."

"अजमानात वीज गेली? माझ्या दुकानात नाही ती गेली!"

"आमच्याच फ्लॅटची गेली," मी म्हटलं. तेव्हाची मी खोटं बोलायची, पण चांगलं बोलता येत नसे.

तिने बटण बराच वेळ दाबून धरलं, सोडलं, कान लावला. काही नाही. "आतली डिस्क काढून दुसऱ्या मशीनला लावली असती, पण ऑफिसच्या डिस्कला पासवर्डचं कुलूप असतं. हाच चालू व्हायला हवा." मग तिने ड्रॉवरमधून दुसरा चार्जर काढला. "वहिनी, पाणीबिणी नाही ना गेलं आत? गेलं असेल तर वीज देऊन चालणार नाही. आतला बोर्ड जळेल, मग मी काय, कोणीच काही करू शकणार नाही."

"नाही गं," मी म्हटलं.

चार्जरची पिन लॅपटॉपजवळ आली. बोटभर अंतर राहिलं असेल... मी तिचं मनगट धरलं. "हमीदा, मी याची पूजा केली. पळीभर पाणी घातलं."

ती हसली नाही, चिडलीही नाही. लॅपटॉप पालथा केला, स्क्रू काढून एका खणाखणांच्या पत्र्याच्या डबीत ओळीने ठेवले आणि आधी बॅटरी सोडवली. मग स्पिरिटच्या बोळ्याने एकेक भाग पुसू लागली. "इतका वेळ फुकट घालवलास, वहिनी. माणूस खोटं बोलतो तेव्हा मशीन मरतं." कीबोर्डखालून तिने चिमट्याने एक लाल तांदूळ काढला, उजेडात धरला. "हा तुझा साक्षीदार."

गार वाऱ्याच्या ब्लोअरखाली लॅपटॉप सुकत होता. खरं तर एक दिवस हवा, ती म्हणाली. आमच्याकडे अर्धा तास होता. मी गणपतीला मोदक बोलले. मोबाइल वाजला: "आई, निघालो." मी "ये" म्हटलं. एकला दहा कमी असताना तिने बॅटरी जोडली, बटण दाबलं. बारीक दिवा लागला... विझला. तिने बॅटरी पुन्हा काढली, बोर्डाचा एक कोपरा पुन्हा पुसला, पुन्हा ब्लोअर. "इन्शाल्ला," ती पुटपुटली. दुसऱ्यांदा दिवा लागला तो राहिला. पडद्यावर अक्षरं आली.

तेवढ्यात, वर जाता जाता आम्हाला बघून, नीलेश दुकानाच्या दारात. "हा इथे कसा?"

हमीदा स्क्रू पिळता पिळता म्हणाली, "पंखा आवाज करत होता. साफ केला. यल्ला, जा, उशीर होईल."

तो गेल्यावर तिने मला बोटाने जवळ बोलावलं. "आज मी झाकलं. पण मी नाही सांगणार, तू सांगायचं. स्वतःच्या तोंडाने."

नकाशे पसंत पडले. नोकरी पक्की झाली, म्हणून तर आम्ही अजून इथे आहोत. दर दसऱ्याला सोनं द्यायला खाली गेले की आपट्याचं पान घेता घेता ती विचारायची, "सांगितलंस?" मी म्हणायचे, "पुढच्या वर्षी." ती म्हणायची, "पुढच्या वर्षी मी नसेन, तर कोणाला झुलवशील?" आम्ही दोघी हसायचो. मी जरा जास्तच.

गेल्या आठवड्यात तिची मुलगी वर आली, हातात ती पत्र्याची डबी. "अम्मीने तुमच्यासाठी ठेवायला सांगितलेली." उघडली. सगळे खण रिकामे होते. एका कोपऱ्यातल्या खणात कुंकू उडालेला, फिकट गुलाबी तांदूळ होता.

ती डबी समोर ठेवूनच हे लिहिते आहे. तोंडाने सांगायचं धैर्य सत्तरी उलटूनही आलं नाही, म्हणून हाताने सांगते. नीलेश, रविवारी चहा घेताना पेपरची पुरवणी चाळतोस, तेव्हा हे वाचशील. बाळा, त्या दिवशी पंख्याला काही झालं नव्हतं रे.