तीनशे बारा जोड

आमच्या हिला कारखान्यात सगळे मागून ‘शंकासुर’ म्हणतात. मागून कसलं, आता तोंडावरही म्हणतात! सव्वीस वर्षं ती तिथे सोल्डरिंग करते, म्हणजे तारांना डाग देऊन जोडते. दूरवरून सुटलेलं शत्रूचं क्षेपणास्त्र आकाशातच गाठून फोडायचं, असं नवं क्षेपणास्त्र तिथे घडत होतं. त्याला इंटरसेप्टर म्हणतात, हेही मला पेपरातून कळलं. घरात बाईसाहेब चकार शब्द काढत नाहीत. मी साधा घड्याळजी, मला कोण विचारतो?

एकदाच बोलून गेली. ते यंत्र समोरचं लक्ष्य जिथून बघतं, तिथल्या तारांचे तीनशे बारा जोड तिने एकटीने केले होते, आणि पहिल्या चाचणी-उड्डाणाला तोच नग जायचा होता. त्या दिवसांत भाजी चिरताना गुणगुणायची. आमच्या लग्नातसुद्धा एवढी खूश नव्हती.

तिथली एक रीत आहे. कुठल्याही जोडाबद्दल शंका आली की पिवळ्या कागदावर लिहून द्यायची. मग काम थांबतं. हिने दुसऱ्यांच्या कामावर असे ढीगभर कागद लिहिले, साहेबांनासुद्धा सोडलं नाही. ते नाव पडलं ते उगाच नाही.

उड्डाणाला तीन आठवडे उरले होते. सुट्टी म्हणून ती माझ्या दुकानात स्क्रू निवडून देत बसली होती. एक तिने दिला, मी भिंगातून बघतो तर खाच झिजलेली. हिला फसवणारा स्क्रू अजून जन्माला यायचा होता! मी हसलो. ती हसली नाही. आळीपाळीने एकेक डोळा झाकून तिने पाच-सहा स्क्रू पाहिले.

“अहो,” ती म्हणाली, “डाव्या डोळ्याला कडा धूसर दिसतायत.”

डॉक्टर म्हणाले, मोतीबिंदूची सुरुवात आहे, बरेच महिने झाले असावेत.

“मग ऑपरेशन करू,” मी म्हटलं. “बिघडलं कुठे?”

“ते जोड मी याच डोळ्यांनी केले. याच डोळ्यांनी तपासून सही केली.”

“तुझ्यानंतर दुसऱ्यानेही तपासलेत ना?”

“माझी सही असली की लोक सैल सोडतात. मला माहीत आहे ना!”

खरं सांगतो, मी भडकलो. “अगं, गप्प बस! कागद लिहिलास तर सगळ्या तारा काढून दुसऱ्याकडून नव्याने करून घेतील. तुझा एक जोड राहायचा नाही. वर सोल्डरिंगच्या बाकावरची तुझी जागाही जाईल. कशाला आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतेस?”

“आणि वर जाऊन ते आंधळं झालं तर? खाली माणसं असतात हो.”

दुसऱ्या दिवशी तिने स्वतःच्याच नावाने पिवळा कागद लिहिला. साहेब डोक्याला हात लावून बसले. उड्डाण दोन महिने पुढे गेलं, सगळ्या तारा नव्याने झाल्या आणि हिची रवानगी सामानाच्या खोलीत झाली. कँटीनमध्ये म्हणे हशा पिकला, शंकासुराने स्वतःलाच गिळलं! ती घरी येऊन मुकाट्याने जेवायची. गुणगुणणं बंद. मला तिची कीव यायची आणि रागही यायचा.

उड्डाणाच्या दिवशी दुपारी तिचा फोन आला. “लागलं! नेमकं लागलं!” एवढंच ओरडली. मी दुकानात एकटाच टाळ्या पिटत सुटलो.

संध्याकाळी साहेब घरी आले. चहा झाल्यावर म्हणाले, “बाई, तुमच्या जुन्या तारा आम्ही ताणल्या, तापवल्या, हलवून पाहिल्या. तीनशे बाराच्या तीनशे बारा जोड चोख निघाले. तसंच उडवलं असतं तरी चाललं असतं.”

“म्हणजे हिचं सगळं उगाच गेलं?” मी जवळजवळ ओरडलोच.

“उगाच कसं?” ती म्हणाली. “हे आज कळलं. त्या दिवशी ठाऊक होतं का?”

त्या क्षेपणास्त्रात तिचा एकही जोड नाही, तरी ते माझ्या बायकोचं आहे, असं मी आता चारचौघांत छाती ठोकून सांगतो. कुणाला पटो न पटो.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडल्या उघडल्या मी एका गिऱ्हाईकाला फोन लावला. त्याच्या घड्याळातल्या चाकाचा एक दात मला जरा खटकला होता, तरी ‘चालेल’ म्हणून मी ते देऊन टाकलं होतं.

“अहो, पण ते झकास चालतंय!” तो म्हणाला.

“चालू दे,” म्हटलं. “तरी घेऊन या.”