आवाज ऐकायची एकच खुर्ची

गहिनीनाथाला मी कधी चांगलं म्हटलं नाही, आणि आता म्हणायचा इरादाही नाही. भिंगारला आमच्या खोल्या भिंतीला भिंत लागून. तो लष्कराच्या गोदामात कारकून, मी घरी बसून कपडे शिवायची. सांगायचंय ते त्याच्या बायकोचं, पुष्पावतीचं. पण नवऱ्याला वगळून तिचं काही सांगताच येत नाही. तिचं नशीबच तसलं.

पुष्पावती पुणतांब्याची. लग्न होऊन आली तेव्हा गळा असा, की धुणं धुताना ती गुणगुणायला लागली की मी शिलाई मशीन थांबवायची. भजनाला बायका तिच्यासाठी जागा धरून ठेवायच्या. गहिनीनाथानं तिला माहेरच्या देवळात गाताना ऐकलं आणि हुंडा न घेता करून आणली, हे तो स्वतःच मोठेपणानं सांगायचा. त्याला गळा पसंत पडला होता. बाकीची बाई गळ्याबरोबर आली, म्हणून ठेवून घेतली.

छावणीत एक कर्नलसाहेब होते, गाण्याचे शौकीन. ते नगर सोडून जाताना सामान विकून गेले, त्यातला टेपरेकॉर्डर आणि एक सपाट स्पीकर यानं उचलून आणला. स्पीकर म्हणजे ना भोंगा, ना खोकं. कमरेएवढी उभी जाळीची चौकट. आत म्हणे पातळ प्लॅस्टिकचा पडदा ताणलेला असतो आणि विजेनं तो थरथरतो, की झाला आवाज. माझ्या सासूबाईंनी चौकटीला हात लावून विचारलं, "यावर पापड वाळवायचे का रे?" त्याला ते इतकं झोंबलं की आमच्याकडे विरजण मागायला येणं त्यानं बंद केलं.

पण खोटं कशाला बोलू? माणसाचा आवाज त्यातून जसा निघायचा तसा मी आजवर कुठे ऐकला नाही. रेडिओतला माणूस रांजणात बसून बोलतो. यातली बाई समोर पाटावर बसून गायची. तिचा श्वास, सरकलेली बांगडी, ओठ ओले केलेले, सगळं कळायचं. बाकी नखरे मात्र विचारू नका! पखवाज लागला की डालड्याचा डबा बडवल्यासारखा. आवाज जरा वाढवला की तडतड. वीज असल्यामुळे धूळ ओढून घ्यायचा, आणि साल होतं बहात्तरचं, दुष्काळाचं, नगरची सगळी माती हवेत. म्हणून खिडक्या कायम बंद, आत बायको उकडून निघाली तरी चालेल. भिंतीला टेकवला तर बिघडतो म्हणून मधोमध उभा करायचा. बाहेरची खोली त्यानंच खाल्ली.

आणि सगळ्यांत मोठी खोड म्हणजे समोर एका ठरावीक जागी बसलं तरच तो खरा. थोडं सरकलं की आवाज उतरायचा. अगदी कडेला, चौकटीच्या रेषेत बसलं, तर नुसती कुजबुज. त्या एका जागी गहिनीनाथानं वेताची खुर्ची मांडली आणि पायांभोवती खडूनं खुणा केल्या. तिथे दुसऱ्या कुणी बसायचं नाही. पुष्पावतीनं तर नाहीच नाही.

अशात पुष्पावतीच्या गळ्यात गाठ निघाली. डॉक्टरांनी साफ सांगितलं, काढावी लागेल, जीव वाचेल, आवाजाची खात्री नाही. यानं डोक्याला हात लावला. मला वाटलं, गडी हादरला. हादरतोय कसला मेला! लगेच तिला टेपसमोर बसवली आणि एकेक गाणं भरून घ्यायला लागला. "अजून थोडं राहिलंय" म्हणत ऑपरेशन पुढे पुढे ढकलत राहिला. तिला घास उतरेना. घोट घोट पाणी प्यायची आणि गायची. मी दारात जाऊन भांडले, "अहो, मरेल ना ती!"

तर मला म्हणतो, "वहिनी, ही संधी परत येणार नाही."

गाठ निघाली, जीव वाचला, आवाज गेला. उरला तो घोगरा, फाटका, घशातल्या घशात खरवडणारा. ती घरी आली तेव्हा गहिनीनाथानं तिला एवढंच सांगितलं, "तू फार बोलत जाऊ नकोस. कानाला सोसत नाही." वाढलंय हे सांगायचं, तर तिनं ताटावर वाटी वाजवायची. कुत्र्यालाही लोक भुंकू देतात हो!

आणि रोज कामावरून आला की खुर्चीत बसून तिलाच ऐकायचा. "वाहवा! घे, वरचा घे," म्हणायचा, डोळे पुसायचा. ज्या बाईचा तो आवाज, ती कडेला, कुजबुजीच्या जागी, रेशनची लाल मिलो ज्वारी निवडत बसलेली. तिचं मागणं एकच होतं.

"एकदा मला त्या खुर्चीत बसू द्या. मी मला कधी ऐकलंच न्हाई."

"तुला काय ऐकायचंय? तुझं पाठच आहे ते."

दिवाळीत पाडव्याला तिनं नवऱ्याला ओवाळलं आणि ओवाळणीत तेवढंच मागितलं. त्यानं ताटात साडी टाकली, हिरवी, काठाची. ती नेसून ती पुन्हा कडेला बसली.

पुढे त्याच्या कचेरीत आप्पासाहेब म्हणून नवे हेडक्लार्क आले. त्यांना त्यानं गाणं ऐकायला घरी बोलावलं. भजी तळायला मी होते, म्हणून माझ्या डोळ्यांसमोरचं आहे. साहेबाला मात्र खुर्ची मिळाली! गाणं संपलं तेव्हा आप्पासाहेबांचे डोळे भरून आले होते. "कोण हो ही बाई?" त्यांनी विचारलं.

पुष्पावती चहाचा ट्रे घेऊन दारातच उभी होती. गहिनीनाथानं तिच्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "होती एक. वारली."

"अरेरे," आप्पासाहेब म्हणाले आणि तिच्या हातून कप घेतला.

मला वाटलं, आता ट्रे पडतो. नाही पडला. सगळ्यांना चहा देऊन ती आत आली आणि कढईखालचा जाळ कमी केला.

आप्पासाहेबांना ते गाणं इतकं भावलं की पुढच्या शनिवारी कचेरी सुटताच ते तिथली चार माणसं घेऊन परत आले. गहिनीनाथ नुसता फुगला होता. खुणा बघून खुर्ची सरळ केली, टेप लावली, हात जोडून उभा राहिला. आधी घसा खाकरल्याचा आवाज आला. मग तो फाटका आवाज, खोलीच्या मधोमध, इतका स्वच्छ की आप्पासाहेब खुर्चीतून उठलेच.

"मी पुष्पावती. गहिनीनाथाची बायको. मी वारले न्हाई. मागं चुलीपाशी हाय. कोनाला बिनसाखरेचा पायजे आसंल तर आत्ताच सांगा."

उखाण्याशिवाय या बाईनं जन्मात नवऱ्याचं नाव घेतलं नव्हतं! गहिनीनाथानं टेप पुढे पळवली. पुढे सुपाची पाखडणी, भांड्यांचा आवाज, तिचा खोकला. दुसरं रीळ लावलं, तिसरं लावलं. सगळीकडे तिचं स्वयंपाकघर, गाणं कुठेच नाही. आप्पासाहेबांनी मान खाली घालून चपला शोधल्या.

माणसं गेल्यावर गहिनीनाथ चौकटीला कपाळ लावून ओरडला, "मारलीस तू तिला! खून केलास!" मयतीला रडतात तसा रडला. गाठ निघाली तेव्हा याच्या डोळ्याला टिपूस नव्हतं. त्यानंतर त्यानं स्पीकर विकला आणि पुष्पावतीशी बोलणं कायमचं टाकलं. एका घरात राहून तिच्या हातचं खातो, पण शब्द नाही.

माझ्या मनात मात्र एक गोष्ट सलत होती. एकदा ती पापड लाटायला आली तेव्हा विचारलंच, "अगं, पुसायच्या आधी ऐकलंस तरी का?"

"ऐकलं की. ते कामावर गेल्यावर. खुर्चीत बसून समदं ऐकलं."

"मग?"

"लई गोड हुती गं ती, केशर." तिनं लाटणं थांबवलं. "मला सुद्दा वाटलं, हीच जगावी आन् मी मरावी. तवाच बटन दाबलं."