बेस वाळत नव्हता

या सदरातले अनुभव मी आजवर फक्त वाचत आलो, आणि खरं सांगायचं तर वाचून हसत आलो. आमचं घर बौद्ध. वडील प्राथमिक शिक्षक. कुणाच्या अंगात आलंय, कुणावर करणी झालीय असं कानावर आलं की ते सायकल काढून तिथं जायचे आणि भांडून परत यायचे. अशा माणसाच्या धाकात वाढल्यामुळं भुताखेतांची भीती मला कधी वाटलीच नाही. आजही वाटत नाही. म्हणून तर हे लिहायला इतकी वर्षं लागली...

२००६ चा एप्रिल. राजारामपुरीत एका गल्लीत, पहिल्या मजल्यावर माझी छोटी डेंटल लॅब होती. डॉक्टरांकडून मापं यायची, मी कवळ्या आणि कॅपा बनवून द्यायचो. शेजारच्या दाताशी रंग जुळवण्यात माझा हात बरा होता. त्यामुळंच मिलिंदनं एक वेगळंच काम माझ्या गळ्यात मारलं.

मिलिंद माझा शाळेपासूनचा मित्र, सिंगापूरला नोकरीला. सुट्टीवर येताना तो एक भला मोठा खोका घेऊन आला. आत बोर्ड गेम. सापशिडीसारखाच पट, पण त्यावर एक जुना बंगला, बंगल्यात अडकलेली माणसं आणि त्यांच्या मागं लागलेली भुतं. सगळ्यांच्या करड्या प्लॅस्टिकच्या फिगर, करंगळीच्या दोन पेरांएवढ्या. एकूण वीस.

"दाताला रंग देतोस, तसा ह्यांना दे की," मिलिंद म्हणाला. "मी जायच्या आधी एकदा खेळूया."

सोबत त्यानं कपाळाला पट्ट्यानं बांधायचं एक भिंग दिलं. ते खाली ओढलं की डोळ्यांवर यायचं आणि दोन्ही हात मोकळे राहायचे. मी असलं काही पहिल्यांदाच बघत होतो. रविवारी त्यानं खोका दिला, सोमवारी मी रंगवायला बसलो. लॅबचं काम संपलं की तास-दोन तास. मजा यायला लागली होती.

अडचण एकच. फिगरखालच्या चकत्या कागदासारख्या पातळ होत्या. जरा धक्का लागला की सगळी मंडळी आडवी. मग मी ठरवलं, सगळ्यांना नवीन बेस करायचे. आमच्याकडं दातांची मापं ओतायला डेंटल स्टोन असतो, प्लास्टरचाच प्रकार, पण दगडासारखा कडक होतो. औषधाच्या बाटल्यांच्या टोपणांत तो ओतून मी वीस बेस केले. जुन्या चकत्या कवळ्या घासायच्या मायक्रोमोटरनं कापल्या, फिगर नव्या बेसवर चिकटवल्या आणि खरी जमीन वाटावी म्हणून वरून कुंडीतली लाल माती चाळून लावली. बुधवारी संध्याकाळी सगळे बेस खडखडीत वाळलेले बघून मी घरी गेलो.

गुरुवारी सकाळी दहा वाजता लॅब उघडली. पांढरा कोट चढवला, भिंग बांधलं, टेबलावरचा दिवा लावला. एकोणीस फिगर ठीक होत्या. विसाव्या फिगरचा बेस ओला होता.

ती फिगर म्हणजे हातात कंदील धरलेला म्हातारा. मान वर, तोंड उघडं. ओरडतोय की धाप लागलीय, ते कळत नव्हतं. मी वाकून बघितलं. वरून काही ठिबकत नव्हतं. कापसानं बेस पुसला आणि दुसऱ्या कामाला लागलो.

साडेअकराला परत बघितलं तर बेसभोवती पाणी. ट्रे बाकी सगळा कोरडा. मला वाटलं, मातीत ओल राहिली असणार. फिगर कापून काढली, ताज्या स्टोनचा दुसरा बेस केला, माती लावलीच नाही. स्टोन घट्ट झाल्यावर म्हाताऱ्याला त्यावर चिकटवलं आणि वेगळ्या काचेवर ठेवून दिलं.

दीडला तिसऱ्यांदा बघितलं. नवा बेस नखानं ओरखडेना इतका कडक झाला होता, आणि त्याच्याखालून पाणी पसरत होतं. हात लावला तर गार. बाहेर एप्रिलचं ऊन, पंख्याचा वारा गरम, आणि ते पाणी माठातल्यासारखं गार. या वेळी मी बराच वेळ वाकून बघत राहिलो. मग पुन्हा पुसलं. एका डॉक्टरांची कॅप संध्याकाळी द्यायची होती, तिकडं वळलो.

दोन वाजता माझी बायको सुनंदा डबा घेऊन आली. ती शिक्षिका; सकाळची शाळा सुटली की लॅबमध्येच जेवायची.

"हे काय सांडलंय?" तिनं विचारलं.

"सांडलं नाही. त्या बेसमधनं येतंय. सकाळपासनं तिसरी खेप."

ती वाकली आणि वाकलेलीच राहिली. मग म्हणाली, "आप्पांच्या जुन्या विहिरीचा वास येतोय."

आप्पा म्हणजे तिचे वडील, माझे सासरे. मी त्यांना मामा म्हणायचो. सासूबाई गेल्यापासून ते गगनबावड्याजवळच्या वाडीवर एकटे राहायचे. थोडी नाचणी, थोडे काजू.

"अगं, प्लास्टरचा वास आहे तो," मी म्हणालो.

"प्लास्टरचा वास मला माहीत आहे. रोज तुमच्या शर्टाला येतो." तिचा चेहरा उतरला होता. "आप्पांना फोन लावा."

मामांकडं फोन नव्हता. वाडीवरच्या शिवाकाकांच्या दुकानात होता. नंबर लावला, फोन तिनंच घेतला. काकांचा आवाज मला टेबलापलीकडं ऐकू येत होता.

"आप्पा व्हय? काल दुपारी दिसलेलं. राधानगरीला भैनीकडं जाणार म्हणत हुतं. गेलं असतील की."

"काका, जुन्या विहिरीत बघून या."

"विहिरीत? कशापायी ग पोरी?"

"बघून या काका. मी फोनजवळ बसते."

तिनं फोन ठेवला. मी चिडलो. "काही नसलं तर लोक काय म्हणतील? काय सांगणार आहेस त्यांना?" ती फोनजवळ बसली. डबा उघडलाच नाही. काचेवरचं पाणी हळूहळू कडेपर्यंत आलं आणि टेबलावर टिपकायला लागलं. मी बोळा उचलला, तसा तिनं माझा हात धरला.

"पुसू नका," ती म्हणाली.

तीन वाजता फोन वाजला.

"हाईत! जित्तं हाईत. दोर आणाय पोरं पळवल्यात. तुमी या आता."

बुधवारी तिन्हीसांजेला मामा विहिरीवर झुकलेल्या काजूच्या फांदीला हात घालायला गेले आणि पाय सरकून आत पडले होते. डावा पाय मांडीत मोडला. छातीभर पाण्यात, एका पायावर, मुळी धरून ते रात्रभर आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत उभे होते. ओरडून ओरडून घसा गेला होता. कोल्हापूरच्या दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, आणखी एक रात्र निघाली नसती.

इथंवर असतं तर मी म्हणालो असतो, बाईमाणसाचा जीव, बापाची काळजी, योगायोग. पण चौथ्या दिवशी मामांना बोलता यायला लागलं. सुनंदा औषधं आणायला खाली गेली होती. मी खाटेजवळ बसलो होतो.

"पावणं, एक इचारू?"

"विचारा की मामा."

"तुमी वरनं बघून गेलासा. तीनदा. हाक का दिली न्हाईसा?"

मला वाटलं तापात बोलतायत. "मी कोल्हापुरात होतो, मामा. लॅबमध्ये."

"पांढरा डगला हुता. मागं दिवा. डोळ्यावर काचंचं काय तरी बांधलंतं." त्यांचा आवाज अगदी बारीक, पण शब्द स्पष्ट. "पयल्यांदा वाकलासा, कायतरी पुसलंसा, गेलासा. मला वाटलं, दोर आणाय गेलं. तिसऱ्यांदा लई येळ बघत हुतासा. मी हात वर केला की. तरी गेलासा."

मी त्यांच्या अंगावरची चादर सारखी केली.

पांढरा कोट त्यांनी आधी कधी पाहिला असेल. पण त्या गुरुवारी ते भिंग माझ्याकडं येऊन चारच दिवस झाले होते आणि मामा दिवाळीनंतर कोल्हापूरला आले नव्हते. मी किती वेळा वाकलो हे सुनंदाला सांगितलं होतं, पण पुसण्याबद्दल मामांशी कुणी बोललेलं नव्हतं. मी तिला शपथेवर विचारलं. पुढं त्याच पोत्यातल्या स्टोनचे, त्याच नळाच्या पाण्यानं मी कितीतरी बेस ओतून बघितले. एकही ओला झाला नाही. म्हाताऱ्याचा बेससुद्धा मी लॅबमध्ये परतलो तेव्हा कोरडा ठणठणीत होता. मिलिंदला मी सगळ्या वीस फिगर दिल्या. त्याला यातलं काही सांगितलं नाही. खेळायला वेळ नाही म्हणालो.

मामा पुढं सात वर्षं आमच्याकडं राहिले. त्यांनी ही गोष्ट परत काढली नाही, सुनंदाजवळही नाही. माझ्याशी चांगलं बोलायचे, राजकारणावर तासन् तास. पण मी शेजारी बसलेलो असलो तरी काठी हवी असली, चष्मा हवा असला, तर ते आत सुनंदाला हाक मारायचे. ती घरात नसली तर थांबायचे. मला त्यांनी कधी काही मागितलं नाही.

शेवटच्या वर्षी एका दुपारी घरात आम्ही दोघंच होतो. मामा उशाकडं चाचपडत होते. तांब्या लांब होता. मला बोलावत नव्हते. मला ते बघवेना. मी म्हणालो, "मामा, चुकलं माझं. मी बघितलं आणि निघून गेलो."

ते बराच वेळ माझ्याकडं बघत राहिले.

"बरं," ते म्हणाले. आणि जरा वेळानं, "पाणी द्या, पावणं."

मी पाणी दिलं. मी नक्की कशाची माफी मागितली, हे मला आजही कुणाला समजावून सांगता येत नाही.