जी माफी ठाण्यात नसते

एक गुन्हा आजही माझ्या डोक्यातून जात नाही.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी मी कळमनुरी तालुक्यातल्या एका ठाण्यात महिला हवालदार होते. एका ख्रिस्ती घरातली म्हातारी विहिरीत मेलेली सापडली. शवविच्छेदनात निघालं, की डोक्याला मार आधीच लागला होता. शेजारच्या मेंढपाळाशी तिचं भांडण होतं, म्हणून साहेबांनी त्याला उचललं. दहा दिवस तो कोठडीत नाही नाही म्हणत होता.

मग त्यांच्या चर्चच्या पाळकाची, म्हणजे धर्मगुरूची बायको ठाण्यात सांगायला आली. त्यांच्या प्रार्थनेत दर रविवारी भाकरीचे तुकडे ताटातून फिरवतात. मनात पाप असलेला माणूस घेत नाही. म्हातारीच्या सुनेने दोन रविवार ताट पुढे सरकवलं होतं.

सुनेला बोलावलं. दुपारी मी एवढंच विचारलं, ताट काहून सरकवलं?

"सासूच्या अंगात पवित्र आत्मा येऊन बोलायचा. मी म्हणाले, हा सैतान बोलून राहिला. पवित्र आत्म्याला सैतान म्हणलं, त्या पापाला बायबलात माफी न्हाई."

"आणि मारलं कशानं?"

"आता ते सांगून काय होते?"

तिला खुनापेक्षा तो शब्द मोठा वाटत होता. त्या शब्दाला आमच्याकडे कलम नाही, असं मी सांगितलं. तिने तोंड फिरवलं.

पोलिसापुढची कबुली कोर्टात टिकत नाही, हत्यार लागतं. मी पाळकाला बोलावलं.

तो म्हणाला, "पोरी, ते पाप केलेल्याला त्याची भीती वाटत न्हाई. तुला वाटते, म्हणजे तू केलं न्हाई. कबूल कर, देव माफ करतो."

ती रडली नाही. उठून "चला" म्हणाली. पंचांसमोर कडब्याच्या गंजीतून मुसळ काढून दिलं. पंचनामा झाला, पुढे मेंढपाळ सुटला.

जीपकडे नेताना ती थांबली. तिची लहान मुलगी नवऱ्याच्या कडेवर होती.

"माफी झाली ना बाई? मग मी आता घरीच राहते ना?"

मी म्हणाले, "ती देवाची माफी. आमच्याकडं नसते."

तिला जन्मठेप लागली.

माफी म्हणजे सुटका, असं ती समजून बसली आहे, हे मला ठाण्यातच तिच्या तोंडावर दिसलं होतं. मुसळ हवं होतं म्हणून मी बोलले नाही. त्यानंतर प्रत्येक आरोपीला मी आधी सांगायचे, की खरं बोललास तरी इथून घरी जाणार नाहीस. त्यामुळे दोन-चार गुन्हे उघडकीला आलेच नाहीत. साहेब ओरडले. मी ऐकून घेतलं.