कॉपीत नसलेलं वाक्य

"अहो, हात पुढे धरा. आता ओठ आवळून त्यावर फुंका."

मी फुंकलं.

"कसं लागलं?"

"गार."

"आता तोंड उघडून हाऽऽ करा."

"ऊन. कुमुद, कॉफी निवतेय."

"निवू दे. काय कळलं ते सांगा."

"श्वास एकच. ओठ आवळून सोडला की गार, मोकळा सोडला की ऊन."

"बस्स. हेच घालते. लक्षात ठेवा हं, संध्याकाळी लिहून काढते."

दुपारी ती खुर्चीतच गेली. डॉक्टर म्हणाले, हार्ट.

मी सातवी शिकलेला. सांगलीहून चेन्नईला आलो तो एका प्रेसमध्ये खिळे जुळवायला. खिळे म्हणजे शिशाची अक्षरं. ती एकेक उचलून ओळ बांधायची. पुढे खिळे गेले, कॉम्प्युटर आला. रिटायर झाल्यावर पेरंबूरच्या घरी तोच घेऊन बसलो.

बायको शाळेत सायन्स शिकवायची. जुन्या ग्रीक लोकांनी पाणी, हवा, विस्तव यांच्याबद्दल काय विचार केला, ते ती इंग्रजीवरून मराठीत आणत होती. पुण्याचा एक प्रकाशक छापणार होता. लिहायची ती, कंपोझ करायचो मी.

आमची एक रीत होती. आधी ती कच्चं लिहायची, इंग्रजीला धरून, जड. मग मला वाचून दाखवायची. मी "कळलं" म्हटलं तर राहायचं. "नाही कळलं" म्हटलं की खोडायची, आणि पुन्हा लिहायची. कधी कधी चिडायची. "तुम्ही मुद्दाम करताय," म्हणायची. पण खोडायची.

त्या सकाळचा कच्चा कागद टेबलावरच होता. त्यावर लिहिलं होतं, 'वायूचे संपीडन झाले असता शैत्य, व विरलीकरण झाले असता औष्ण्य उत्पन्न होते.' वाचून ती स्वतःच हसली होती. म्हणाली, "हा ग्रीक चुकला होता हो. पण स्वतःच्या हातावर फुंकून चुकला. वाचणाऱ्यालाही तसं फुंकावंसं वाटलं पाहिजे."

तेरावं झालं आणि मी कामाला बसलो. ते वाक्य मी तिने ठरवलं होतं तसं टाकलं. प्रूफ, म्हणजे तपासायची छापील पानं, आणि तिचे कागद पुण्याला पाठवले.

संपादकाचा फोन आला. चांगला माणूस. हळू बोलत होता.

"काका, हे श्वासाचं वाक्य कुठून आलं? बाईंच्या कागदावर वेगळं आहे."

"ते कच्चं आहे. हे पक्कं."

"पक्कं कुठे लिहिलंय?"

"लिहिलं नाही. बोलली."

"कधी?"

"गेली त्या सकाळी."

तो म्हणाला, "काका, रागावू नका. हे शब्द तुमचे वाटतात."

"माझेच आहेत. तिने घेतले होते."

"मी मानतो हो. पण लेखक गेल्यावर घरच्यांनी मजकूर बदलला, असं उद्या कोणी म्हटलं तर? त्यांच्या अक्षरात जे आहे तेच जाऊ दे. तुम्ही तर प्रेसमधले. तुम्हाला मी काय सांगू?"

प्रेसमध्ये लेखकाच्या कागदाला कॉपी म्हणतात. कॉपीत आहे तेच लावायचं. चूक दिसली तर बाजूला प्रश्नचिन्ह करायचं, आपल्या मनाने अक्षर हलवायचं नाही. हे मी जन्मभर पाळलं. नव्या पोरांनी शहाणपणा केला की शिव्या घातल्या. आता कॉपी तिची होती आणि तिचं शेवटचं बोलणं कॉपीत नव्हतं. साक्षीदार मी एकटा.

"बरं," म्हटलं.

श्वासाचं वाक्य काढलं. संपीडन टाकलं. पुढची दोन प्रकरणंही कच्चीच होती. ती तशीच लावली, एक मात्रा न हलवता. बाजूला प्रश्नचिन्हही केलं नाही. विचारायचं कुणाला? सगळं पुण्याला पाठवून दिलं. संपादक म्हणाला, "काका, एकही चूक नाही."

या धंद्यात चूक नाही म्हणजे एवढंच, की कागदाशी जुळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कॉफी केली. प्रूफाची माझी प्रत घेऊन तिच्या खुर्चीसमोर बसलो. ते वाक्य मोठ्याने वाचलं.

"नाही कळलं," म्हणालो.

थोडा वेळ थांबलो. मग कॉफीवर फुंकर घातली. ती आधीच निवली होती.