नागोरावांचा पटका

बिबवेवाडीतल्या दोन खोल्यांच्या घरात द्वारकेची पत्र्याची एक ट्रंक आहे. दर गुरुवारी देवापुढं दिवा लावून झाला की ती ट्रंक उघडायची, नवऱ्याचा, नागोरावांचा, पांढरा पटका नाकाशी धरायची, आणि घडी मोडू न देता परत ठेवायची.

नागोराव जाऊन तीन वर्षं झाली. वाशीमकडून आलेला माणूस. तीस वर्षं मार्केट यार्डात गुळाच्या ढेपा वाहिल्या. डोक्यावरच्या ओझ्याखाली पटक्याचा मधला भाग पार विरून गेला होता. दिवाळी सरली की ते चिंधीत डांबरगोळ्या बांधून स्वतःच्या हातानं ट्रंकेत टाकायचे. म्हणायचे, "कसर लागली तर मला बोलू नको." ते गेले, तरी द्वारकेनं तो नेम मोडला नाही. झाकण उघडलं की तो उग्र वास भपकन यायचा आणि तिला वाटायचं, आहेत, इथंच कुठंतरी आहेत.

लेक रुपाली पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. नातू झाला. द्वारकेनं मनाशी पक्कं केलेलंच होतं. पोट्ट्याच्या अंगाला कापड जुनंच हवं, थोरामोठ्याचं, वापरून मऊ झालेलं. बारशाला नातू आजोबांच्या पटक्यात पाळण्यात जाणार. त्याला तेवढाच आजोबा मिळायचा होता.

आठव्या दिवशी दवाखान्यातल्या शर्मिला सिस्टर बाळाचं वजन करायला घरी आल्या. बाळाला तेल चोळून झालं होतं. गुंडाळून तरी बघू म्हणून द्वारकेनं पटका काढला, तशी सिस्टरांनी मान वर केली.

"आजी, वास कसला हा?"

"डांबरगोळीचा. कापराचीच बहीण ती. देवाला कापूर चालतो, मग नातवाला नाही चालायचा?"

"देवाला कावीळ होत नाही, आजी."

द्वारकेचा हात तिथंच थांबला. सिस्टर जरा खालच्या आवाजात म्हणाल्या, "कापूर वेगळा. तोही बाळाच्या अंगाला नकोच म्हणा. ही गोळी नॅप्थलीनची. ती हवेत विरते आणि कपड्यात जाऊन बसते. काही बाळांच्या रक्ताला ते सोसत नाही. रक्तपेशी फुटतात, कावीळ वाढते. कुठल्या बाळाला सोसणार नाही, हे तोंडाकडे बघून कळत नाही. त्यात तुम्ही तेल लावलंय, मग ते अंगात आणखी शिरतं."

"मग उन्हात टाकते तासभर."

"तासभरानं काय होतंय? धुवा, वाळवा, परत धुवा. नाकाला काहीच कळेनासं झालं की मग बाळाला. गोळ्या डबीत बंद करा नि घराबाहेर काढा. ट्रंकही या खोलीत नको. कपड्यांत कडुलिंबाचा वाळका पाला घाला."

त्या गेल्यावर रुपाली म्हणाली, "आई, दुसरी दुपटी आहेत की. पटका राहू दे तसाच. ट्रंक शेजारच्या काकूंकडे ठेवू."

म्हणजे वास राहिला असता. संध्याकाळी दिवा लावताना द्वारका देवीला एवढंच म्हणाली, "रेणुकाई, एवढंच राहिलंय गं त्यांचं."

सकाळी उठून गोळ्यांची डबी आणि ट्रंक घराबाहेर काढून तिनं बादलीत पाणी घेतलं. पटका त्यात सोडताना डोळे मिटून घेतले.

तीनदा धुतला. चार दिवस गच्चीवर ऊन दाखवलं. रोज उतरवताना वास घ्यायची. रोज थोडा कमी. चौथ्या दिवशी तिनं पटका नाकाशी धरला, तर नुसता साबण आणि ऊन. नागोराव नव्हते.

गच्चीवर उभी असताना तिला अचानक आठवलं. ते घरी यायचे तेव्हा त्यांच्या अंगाला डांबरगोळीचा वास कुठं यायचा? गुळाचा यायचा. घामाचा आणि गुळाचा. शेजारणी हसायच्या, "द्वारके, तुझा नवरा आला की मुंग्या लागतात." तो वास पटक्यातून कधी गेला, तिला कळलंच नव्हतं. कसरीनं नाही, गोळीनंच खाल्ला. तीन वर्षं ती दुकानातल्या गोळीलाच नवरा समजून बसली होती.

बारशाला तिनं बाळाला पटक्यात गुंडाळलं आणि पाळण्यात घालण्याआधी क्षणभर छातीशी धरलं. विरलेला भाग नेमका बाळाच्या पाठीवर आला होता. तिथं तिनं तळहात ठेवला.

"आई, पाळणा म्हणायला बायका थांबल्यात. रडतेस काय?" रुपाली म्हणाली.

"रडते कुठं? इथं विरलंय ना गं," द्वारका म्हणाली, "आतली ऊब लागते हाताला."